पूर ओसरल्यावर गावात मदतीला जायचंय. काय न्यावं, काय करावं?

फावडी, घमेली, खराटे, गमबूट आणि आपला डबा. जुने कपडे नेऊ नका.

२३ जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही दहा-बारा जण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गेलो होतो. म्हादई आणि तिला मिळणाऱ्या नद्या चढल्या होत्या, पैकुळचा पूल गेला होता. १९८२ नंतरचा सगळ्यांत मोठा पूर, असं मुख्यमंत्रीच म्हणाले. आम्ही पोचलो तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात कपड्यांचा ढीग होता आणि अख्ख्या वाड्यावर फावडी मोजून दोन.

आधी चिखल काढा. ओला असतो तोवर फावड्याला येतो, ऊन लागलं की दगड होतो. पण घर मातीचं असेल तर जपून. आम्ही चुकलो ते इथेच. एका आजींच्या घरात भिंतीवरचा गाळ धुवायला आमच्या पोरांनी पंपाची नळी लावली. आजी ओरडत होत्या, "पाणी नको रे, पाणी नको!" आम्हाला वाटलं, म्हातारी घाबरलीय. दहा मिनिटांत स्वयंपाकघराचा कोपरा खाली बसला. कोणी त्याखाली नव्हतं, हे नशीब. पुरात उभी राहिलेली मातीची भिंत आतून भिजलेली असते, पाणी ओसरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही कोसळू शकते. मग आजींनीच आमच्या हातात करवंट्या दिल्या. गाळ अलगद खरवडायचा, भिंत आपणहून वाळू द्यायची. घरच्या माणसाचं ऐका, घर त्यांनी बांधलंय.

दुसरं म्हणजे, भिजलेल्या गाद्या, फ्रीज, तांदळाची पोती उचलून फेकायची घाई नको. तलाठ्याचा पंचनामा व्हायचा असतो. निदान फोटो काढा, घराच्या दारासकट. मेन स्विच बंद असल्याची खात्री करून मगच आत शिरा. अडगळीत हात घालण्याआधी काठीने ढवळा, साप असतात. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-गुरांच्या मुतातून पाण्यात येणारा ताप) भीती असते. गोळ्यांचं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. विहीर आधी उपसायची, ब्लीचिंग नंतर, तेही केंद्रातल्या माणसाला विचारून.

डबा न्या म्हटलं खरं, पण अकराच्या सुमाराला कोणी पेज आणून दिली तर नको म्हणू नका. मी म्हटलं होतं. ज्या बाईच्या घरातलं धान्य भिजलं होतं तिने शेजारून तांदूळ मागून ती शिजवली होती. ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

आणि जमलं तर पुन्हा जा. पहिल्या रविवारी गावात पाय ठेवायला जागा नसते, तिसऱ्या रविवारी कुत्रं फिरकत नाही. आम्ही परत गेलो ते चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी. आजींचा कोपरा तोवर चिऱ्यांनी बांधून झाला होता. त्यांना फक्त माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची चौकट, बांधायला दोन उंच पोरं हवी होती.