व्ही-के-बी-झेड म्हणजे कोण?

प्रश्न : माझे वडील २००२ पासून संगणकावर आपल्या आठवणी लिहीत असत. ते गेल्यावर सीडीवरची वर्डची फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली, तर आत नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! व्ही-के-बी-झेड हा शब्द तर पानोपानी आहे. फाइल खराब झाली का? सगळं हरवलं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : फाइल धडधाकट आहे. आणि तो शब्द 'आई' आहे.

यात माझी हुशारी काही नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ अकरा वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं काम केलंय, कृतिदेव हा जुना मराठी फॉन्ट अजून बोटांत आहे. त्यात व्ही म्हणजे अ, के म्हणजे काना, बी म्हणजे इ आणि कॅपिटल झेड म्हणजे रफार. इ वर रफार चढवला की दिसायला ई तयार! व्याकरणवाल्यांनी कपाळाला हात लावला असता, पण कागदावर ई उमटली की आमचं काम झालं.

संगणक अक्षरं नाही, आकडे साठवतो. कुठल्या आकड्याचं कुठलं अक्षर, याचा तक्ता ठरलेला असतो. आस्की या जुन्या अमेरिकन तक्त्यात जागा १२८, त्यात देवनागरीला थारा नाही. मग फॉन्टवाल्यांनी व्हीच्या जागी अ चं चित्र बसवलं. तुमच्या फाइलमध्ये आजही ११८, १०७, ९८, ९० हेच आकडे आहेत. फॉन्ट असेल तर 'आई', नसेल तर तुम्हाला दिसतंय ते. युनिकोड या नव्या, जगातल्या सगळ्या लिप्यांच्या तक्त्यात आ चा स्वतःचा आकडा आहे २३१०, ई चा २३१२. फॉन्ट कुठलाही लावा, आ चा व्ही होत नाही.

आता कामाचं. मूळ फाइलला हात लावू नका, कॉपीवर काम करा. फाइल वर्डमध्येच उघडा. मजकुरावर क्लिक केलं की फॉन्टच्या चौकटीत त्याचं नाव दिसेल. माझा अंदाज कृतिदेवचाच. तो लॅपटॉपवर टाकलात की आठवणी लगेच वाचता येतील. कायमचं युनिकोड करायचं तर त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर वापरा, पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका. 'दिवस'मधली वेलांटी आम्ही द च्या आधी टाइप करायचो, युनिकोडमध्ये ती द च्या नंतर येते. 'धर्म'मधल्या रफाराचं नेमकं उलटं. या हलवाहलवीत वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. 'सुऱ्या', 'तऱ्हा' अशा शब्दांतला अर्धा र (ऱ्) पण तपासा. मधेच इंग्रजीत पत्ता वगैरे असेल, तर कन्व्हर्टर त्यालाही मराठी समजून त्याचा चेंदामेंदा करेल. तेवढा मजकूर आधी बाजूला काढा.

एका वेळी दहा पानं घ्या. शेजारी जुन्या फॉन्टमधलं प्रिंटआउट ठेवा, आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला बसवा. आम्ही प्रुफं अशीच तपासायचो.