नवीन अ‍ॅक्वापोनिक्समध्ये (मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवायची पद्धत) मासे वर येऊन तोंड मारतात आणि पालक पिवळा पडतोय, काय करावं?

भाऊ, टाकी सुरू होऊन तीनच आठवडे झालेत आणि पाणी दर्यापूरकडच्या बोअरचं, म्हणजे इथे दोन वेगळे त्रास एकदम चालू असावेत.

आधी मासे, कारण ते थांबणार नाहीत. मासे सोडतात त्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडीवर बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर अमोनिया साचतो, आणि सामू (पाण्याचा pH) व उष्णता वाढली की तो जास्त विषारी होतो. दोन दिवस खाद्य बंद ठेवा, एक तृतीयांश पाणी बदला, हवेचा पंप रात्रीही चालू राहू द्या. लाइन जात असेल तर बॅटरीवरचा पंप घ्याच. अमोनियाचं टेस्ट किट शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतं.

पालकाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. माशांच्या खाद्यातून लोह थोडंच येतं, आणि सामू 7.5 च्या वर गेला की तेही मुळांना मिळत नाही. ईडीडीएचए चिलेटेड लोह (जास्त सामूच्या पाण्यातही विरघळून राहणारं लोह) घ्या, लिटरला 2 मिलिग्रॅम लोह बसेल एवढं. पाणी लालसर दिसेल, घाबरू नका. साधं फेरस सल्फेट अशा पाण्यात टिकत नाही.

मला खरी काळजी खारपाणपट्ट्याची वाटते, म्हणजे दर्यापूरकडच्या खाऱ्या भूजलाच्या पट्ट्याची. पाणी उडून जातं, सोडियम टाकीतच राहतं, आणि रोज त्याच बोअरनं भर घातली की ते वाढतच जातं. पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, यावरून विरघळलेले क्षार कळतात) प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि येत्या पावसाळ्यात छपराचं पाणी साठवून भर त्याचीच घाला.