आजेसासूबाईंचा हस्तिदंती करंडा

प्रश्न : आजेसासूबाईंचा हस्तिदंती कुंकवाचा करंडा आमच्याकडे आहे. देसाईगंजच्या बाजारात ओळख झालेला एक माणूस तो बघून गेला. ‘जुनी वस्तू आहे, विकायला चालते’ म्हणाला. भाव चांगला देतो आहे. यंदा हत्तींनी आमचे धानाचे पुंजणे उधळले, निदान मजुरी तरी निघेल. विकू का?
– एक वाचक, कुरखेडा तालुका

उत्तर : ताई, विकू नका. वस्तू कितीही जुनी असो, विक्रीला सूट नाही. भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ साली बंद झाला, आफ्रिकेतून येणाऱ्या दातावर १९९१ साली बंदी आली. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद. तो माणूस बाजारात दिसेनासा होईल, सापडाल तुम्ही.

‘जुनं आहे’ हेच या धंद्याचं पांघरूण. ताजा दात चहाच्या पाण्यात ठेवून पिवळा करतात आणि आजीच्या पेटीतला म्हणून खपवतात.

मी कमलापूरच्या हत्ती कॅम्पात नोकरी केली आहे. सागाचे ओंडके ओढणारे हत्ती रोज जवळून पाहिले. सुळा म्हणजे दातच. त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो. तो अख्खा हवा म्हणून चोर हत्तीला मारून त्याचं तोंड चिरतात. आपल्याकडे मोठे सुळे फक्त नरांना, म्हणून मरतात तेही नरच. केरळात पेरियारच्या जंगलात एके काळी शंभरावर माद्यांमागे वयात आलेला एकच नर उरला होता. अशा कळपात पिल्लं कुठून येणार? आफ्रिकेत माद्यांनाही सुळे असतात; मोझांबिकच्या गोरोंगोसाच्या जंगलात तर १९७७ ते १९९२ च्या यादवीत इतके हत्ती मारले, की पुढे बिनसुळ्याच्या माद्या पूर्वीपेक्षा जास्त जन्मू लागल्या.

आपल्या गडचिरोलीत छत्तीसगडहून कळप आला तो २०२१ साली. पुंजण्यांचं दुःख मी जाणतो, अख्ख्या हंगामाची मेहनत असते ती. पण तो हिशेब करंड्याशी जोडू नका. वनरक्षकाला बोलावून लगेच पंचनामा करून घ्या, फोटो काढा, सातबारा जोडून भरपाईचा अर्ज द्या.

आता करंडा. सासऱ्यांच्या कागदांत वन खात्याने दिलेलं मालकीचं प्रमाणपत्र शोधा. २००३ साली अशा वस्तू जाहीर करायला सरकारने १८० दिवस दिले होते. सापडलं, तर वारसा म्हणून वन खात्याला कळवून तो घरात ठेवता येतो. नसेल, तर वकिलाला विचारून स्वतःहून रेंज ऑफिसात लेखी कळवा. आणि त्या माणसाचा फोन नंबर पुसू नका, तोही तिथेच द्या.