पाण्याचा ताळेबंद: ग्रामपंचायत, भूजल यंत्रणा आणि कृषी खातं एकत्र कसं आणायचं?

पाण्याचा ताळेबंद म्हणजे गावाला मिळणारं पाणी आणि पिकांना लागणारं पाणी यांचा हिशोब. ग्रामसभेआधी हा आकडा तयार ठेवा, नाहीतर नुसती भाषणं होतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी 10 घनमीटर पाणी. 800 हेक्टरच्या गावात 450 मिमी पडला, तर 36 लाख घनमीटर. ऐकायला भरपूर वाटतं! पण आपल्या काळ्या पाषाणात मुरतं ते ढोबळमानाने दहावा हिस्सा, म्हणजे 3.6 लाख. आता उसाला हेक्टरी 20 हजार घनमीटर धरा: 20 हेक्टर उसातच 4 लाख संपले. हे गणित फळ्यावर मांडलं की चर्चेचा सूर बदलतो.

कामाची वाटणी अशी: विहिरींची पातळी गावातल्याच दोघांनी टेपने मोजायची, पावसाळा संपताना आणि मे महिन्यात, दरवेळी त्याच विहिरी. मुरण्याचं प्रमाण भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाकडून तपासून घ्या. पीकक्षेत्र सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा कृषी सहायक), पण शिवारफेरी मारूनच, सातबाऱ्यावरचा पेरा जुना असू शकतो.

ग्रामसभा रब्बीच्या पेरणीआधी घ्या. नोव्हेंबरात घेतली तर कांद्याचं रोप टाकलेलं असतं आणि ठराव कागदावर राहतो. फिसकटतं ते बहुधा बोअरवाल्यांमुळे: ज्यांचा उपसा जास्त, तेच सभेला येत नाहीत. त्यांच्याशी आधी बांधावर बोला. आणि पाणलोट गावाची हद्द पाळत नाही. वरच्या गावचा सरपंच सोबत नसेल तर तुमचा ताळेबंद अर्धाच.