उन्हाळ्यात गाडी चार्जच होत नाही

प्रश्न : इलेक्ट्रिक कार घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर लावतो. पावसाळ्यात नीट चार्ज व्हायची. एप्रिलपासून चार्जरवर लाल दिवा येतो. चार्जर गेला का?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : आधी अर्थिंग बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या सळईपासून सुटते. अर्थिंग कमजोर झालं की चार्जर सुरक्षेसाठी स्वतःच थांबतो. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, तासाभराने लावून बघा. दिवा गेला, तर दुखणं तिथेच आहे. खड्डा नव्याने भरून घ्या.

कुणी सॉकेटमध्येच न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थ जोडून देतो म्हणाला, तर साफ नाही म्हणा. न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो. लेकरं तिथेच खेळत असतात.

सॉकेटही उघडून बघा. ३.३ किलोवॅटचा चार्जर १४ अँपिअर ओढतो आणि ३० युनिटच्या बॅटरीला ९-१० तास लागतात. एवढा वेळ ढिला स्क्रू टिकत नाही, पिन तपकिरी पडते. मीटरपासून ४ चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. वीज कंपनीने घराला दिलेला मंजूर भार कमी असेल तर तोही वाढवून घ्या.