आयरिश घेऊन पोट भरेल का?

प्रश्न : आम्ही बारा वर्षं डब्लिनमध्ये आहोत. मुलगी यंदा लीव्हिंग सर्टिफिकेटला, म्हणजे इथल्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, बसतेय. तिला पुढे कायद्याबरोबर आयरिश घ्यायचंय. इथे बसमध्ये, दुकानात ती भाषा कानावर पडत नाही. हौस ठीक, पण नोकरीचं काय?

उत्तर : ताई, बसमधलं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. २०२२ च्या जनगणनेत शाळा-कॉलेजाबाहेर रोज आयरिश बोलणारे जेमतेम ७२,००० निघाले. पण नोकऱ्या आहेत त्या सरकारी कचेऱ्यांत. २००३ च्या राजभाषा कायद्यानुसार नागरिकाने आयरिशमध्ये पत्र किंवा ईमेल पाठवला, तर उत्तरही आयरिशमध्येच द्यावं लागतं. ते लिहिणार कोण? म्हणून २०२१ च्या दुरुस्तीत ठरलं, की २०३० अखेर सरकारी भरतीतल्या निदान २० टक्के नव्या लोकांना आयरिश यायला हवी. हे आरक्षण नव्हे, उद्दिष्ट आहे. मुलीला तेवढं स्पष्ट सांगा.

नुसत्या आयरिशवर मात्र माझा भरवसा नाही. वायव्येकडच्या डोनेगल परगण्यातल्या एखाद्या आयरिशभाषक आजीबाईंना पेन्शनचा फॉर्म फोनवर, त्यांच्या बोलीत समजावता आला पाहिजे. शाळेतले पाठ केलेले निबंध तिथे कामाला येत नाहीत. गंमत म्हणजे आयरिशमध्ये 'हो'साठी वेगळा शब्दच नाही. 'फॉर्म आहे का तुमच्याकडे?' याला उत्तर 'तॉ', म्हणजे 'आहे'. आपणही असंच बोलतो की! शॉन हे नाव टंकताना स्वरावरची तिरकी रेघ सुटली, तर उरलेल्या शब्दाचा अर्थ होतो 'म्हातारा'. आपल्याकडे दिन आणि दीन, तसंच.

कायद्याची जोड मला म्हणूनच आवडली. १ जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघात आयरिशला इतर भाषांइतकाच पूर्ण दर्जा आहे, आणि तिथे कायदा कळणारे भाषांतरकार लागतात. त्यासाठी संघातल्या एखाद्या देशाचं नागरिकत्व लागतं. तुमची कागदपत्रं कुठवर आलीत, ते आधी बघा.

परीक्षा संपली की तिला काही आठवडे गेलटॉक्टमध्ये, म्हणजे आयरिशभाषक भागात, राहू द्या. टीईजी ही मेनूथ विद्यापीठाची आयरिशची परीक्षाही द्यायला लावा. पातळीचं प्रमाणपत्र हाताशी राहतं.

आणि आजच एक करा. घरचा एखादा कराचा किंवा लायसन्सचा प्रश्न तिला संबंधित खात्याला आयरिशमध्ये लिहायला सांगा. उत्तर इंग्रजीत आलं, तर तक्रार भाषा आयुक्तांकडे, म्हणजे हा भाषेचा कायदा पाळला जातो का ते पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, करायची. त्यांचं कार्यालय गॉलवेजवळ, स्पिडलला आहे. तक्रारही अर्थात तिनेच लिहायची, आयरिशमध्ये.