ऑइस्टरकॅचर पक्षी आणि निळा मसल (समुद्रात खडकाला चिकटून राहणारा, दोन शिंपांचा प्राणी) यांची तुलना कशी करायची? दोघांत जास्त प्रगत कोण?

कणा, पिसं, चार कप्प्यांचं हृदय हे फरक कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतील, ते लिहीत बसत नाही. 'प्रगत' या शब्दावर मात्र मला बोलायचंच आहे.

प्राणिशास्त्र शिकताना नेमका याच जोडीचा तक्ता आम्हाला करायला दिला होता. फरकांच्या खाली मी एक साम्य लिहिलं: पक्ष्याच्या अंड्याचं कवच आणि मसलचा शिंपला, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे. सरांनी त्यावर लाल रेघ ओढली. "डोकं नसलेल्या प्राण्याची पक्ष्याशी बरोबरी कसली करतोस?" सगळ्या वर्गासमोर.

पुढच्या सुट्टीत मी ओहोटीच्या वेळी खडकांवर जाऊन बसायचो. ऑइस्टरकॅचर शिंपल्यावर एकाच जागी चोच हाणत राहायचा. भोक पडलं की चोच आत घालून शिंपला मिटून धरणारा स्नायू तोडायचा, की दोन्ही शिंपा सैल. त्याने टाकलेली एक शिंप उचलली. आतून निळसर पांढरी, आणि स्नायू धरला होता तिथे बोटाला जेमतेम जाणवेल असा गोल वण. शेजारचा जिवंत मसल उपटायला गेलो तर धाग्यांचा झुपका खडक सोडेना. हे धागे तो स्वतःच्या पायातून काढतो आणि ओल्या दगडावर, खाऱ्या पाण्यात चिकटवतो.

डोकं नाही, मान्य. पण जो एका जागी राहून कल्ल्यांनी पाणी गाळून खातो, त्याला डोकं हवं कशाला? पक्ष्याला लागतं, कारण शिंपला उघडायची कला पिलं आईबापांकडून शिकतात. काही जण फोडतात, काही फटीत चोच खुपसतात, आणि ज्याची जशी सवय तशी त्याच्या चोचीचं टोक झिजून बोथट किंवा छिन्नीसारखं होतं.

दोघांचा सामाईक पूर्वज ५० कोटी वर्षांहून जुना आहे. तेव्हापासून दोघंही सारखाच काळ बदलत आलेत. मसल काही पक्ष्याच्या खालची पायरी नाही. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने दोघांनाही १७५८ साली एकाच ग्रंथात नावं दिली.

तेव्हा तक्त्यात साम्याचा रकाना ठेवाच. कुणी खोडला तर कारण विचारा. मी विचारलं नाही, ते अजून सलतं.

एक राहिलं. कॅल्साइट आणि अॅरागोनाइट ही कॅल्शियम कार्बोनेटचीच दोन स्फटिकरूपं. अंड्याचं कवच कॅल्साइटचं असतं. मसलच्या शिंपल्यात बाहेरचा थर कॅल्साइटचा, आतला चमकदार थर अॅरागोनाइटचा. शिवाय ही कवचं दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडली, एका पूर्वजाकडून आलेली नाहीत. हे मी तेव्हा लिहिलं नव्हतं, तुम्ही लिहा.